एन.ए.चे तीन अर्थ

“एका एन.ए.चे अर्थ तरी किती असावेत, बाबा?”

मच्छिंद्रने विचारलं खरं, पण उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

सातवीत शाळा सुटलेला हा तरुण. बाहेरून दहावीला बसायचं म्हणून लतीफबाबा या फकिराच्या तक्क्यावर, त्यांच्या झोपडीत, रोज अभ्यासाला यायचा. पुस्तकंही बाबांनीच कुठून कुठून मागून आणलेली. परीक्षेचा सतरा नंबरचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख होती, आणि आज तो पुस्तकं परत करायला आला होता.

बाबा चूल फुंकत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

मग त्याने एकेक सांगितलं. वडिलांनी विकलेली जमीन एन.ए. झाली, म्हणजे तिथे आता शेती नाही. कंपनीतल्या साहेबाने त्याच्या शिक्षणासमोर एन.ए. लिहिलं, म्हणजे लागू नाही. वधूवर मंडळाने तेच टाकलं, म्हणजे माहिती उपलब्ध नाही.

“तिन्ही मलाच बसतात,” तो म्हणाला. आवाजात दुःख होतं. थोडी ऐटही होती.

“एवढ्या हुशारीवर तर असाच पास करतील तुला.”

मच्छिंद्र हसला नाही…

बाबा कोयता घेऊन उठले. तक्क्यामागे प्लॉट पाडलेले होते. नंबरांचे दगड, तारेचं कुंपण. मालक शहरात, घर अजून बांधलेलं नव्हतं, आणि त्याला विचारून बाबांनी तिथे मेथी-मिरची लावली होती.

बाबांनी मेथीची जुडी उपटून त्याच्या हातात दिली.

“बाबा, ही तर एन.ए. जमीन.”

“असेल. मेथीला कुणी कळवलं नसेल.”

“म्हणजे कागदावरचं खोटं?”

“नाही. खरं आहे.”

…

बाबांनी कुंपणाजवळच्या शेवग्याची फांदी तोडली. पाला उतरवला. हातभर बोडकी काठी उरली.

“ही लाव.”

“काठी?”

बाबांनी कुंपणालगतच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं.

मच्छिंद्रने पुस्तकं दगडावर ठेवली. हातांनीच खड्डा केला, काठी उभी केली, माती दाबली.

“ही धरली का नाही, कळणार कसं?”

बाबांनी पुस्तकं उचलली, उडालेली माती सदऱ्याला पुसली आणि ती त्याच्या काखेत दिली.

“परीक्षा देऊन ये. शेंगा काढायला माणूस लागेल.”