निशाणाला शिवलेला कावळा

“...पण शिवत का नाही, बुवा?”

दिवाण विसाजीपंतांचा घसा बसला होता. बसणारच. सकाळपासून ते कावळ्यांना वचनं देत होते.

नदीकाठी थोरल्या सरकारांचा दहावा होता. पिंड मांडलेला, कावळे समोरच्या करंजावर बसलेले, आणि खाली यायला एकही तयार नाही. कावळा शिवल्याशिवाय गेलेल्याचा जीव सुटत नाही, घरच्यांना घास गिळता येत नाही. धाकटे सरकार मानसिंगराव मुंडण करून ओल्या पंच्यात कुडकुडत उभे होते. आपला बाप कशात अडकलाय, या काळजीनं पोराचे डोळे सुजले होते.

शेवटी दिवाणांनी टेकडीवरून धोंडगिरी बुवांना डोलीत घालून आणलं. बुवा त्यांचे लहानपणचे गुरू.

“काय काय वचन दिलंस, विसू?”

“सीमा वाढवू म्हटलं. किल्ल्याला नवा बुरूज म्हटलं. निशाणावरचा सिंह खऱ्या जरीचा करू म्हटलं.”

“मग?”

“तो बघा... मान खाजवतोय.”

बुवांनी आजूबाजूला पाहिलं. पिंडाच्या एका अंगाला निशाण, दुसऱ्या अंगाला चवरीवाले, पाठीमागे नगारा. धाकट्या सरकारांच्या तुळतुळीत डोक्यावर अब्दागिरी धरलेली. मधूनमधून चोपदार ललकारी ठोकत होता. संस्थान केवढं, तर वाड्याच्या गच्चीवरून दोन्हीकडच्या सीमा दिसायच्या. पण थाट विचारू नका!

“हे सगळं कशाला रे?”

या प्रश्नाची विसाजीपंत जन्मभर वाट बघत होते. त्यांचा घसा लगेच सुटला.

“बुवा, ही राजचिन्हं! प्रत्येकाला अर्थ आहे. निशाण म्हणजे राज्याचा प्राण. अब्दागिरी म्हणजे सूर्याचं तेज. नगारा म्हणजे...”

नगारा धडाडला. कावळे उडाले, एक घिरटी घालून परत करंजावर जाऊन बसले.

“...राज्याचा आवाज.”

“आणि हे नसलं तर?”

“काय बोलता, बुवा! मग हा राजाचा पिंड आहे, हे कळणार कसं?”

“कुणाला?”

विसाजीपंतांनी करंजाकडे पाहिलं.

“...कावळ्याला.”

घाटावरचे भटजी खोकले. दहाव्याला हसता येत नाही, म्हणून खोकले.

एवढ्यात एक कावळा करंजावरून निघाला. कावळा पिंडावरून गेला, निशाणाच्या काठीवर टेकला, चोच पुसली आणि सिंहाच्या आयाळीवर निवांत शिटला.

“शिवला!” विसाजीपंत ओरडले.

“पिंडाला कुठं शिवला?” भटजी म्हणाले.

“निशाणाला शिवला ना? निशाण म्हणजे राज्य, राज्य म्हणजे राजा. म्हणजे राजाला शिवला! काय, बुवा?”

“बरोबर आहे तुझं.”

पंतांची छाती फुगली. उभ्या आयुष्यात गुरूंनी त्यांना पहिल्यांदाच बरोबर म्हटलं होतं.

बुवांनी आचाऱ्याला हाक मारली. “राजांचं पान वाढा.”

वरणभाताचं पान आलं. धाकटे सरकार उपाशीच होते, त्यांनी हात पुढे केला. बुवांनी ते पान उचललं आणि नेऊन निशाणाच्या काठीपुढे ठेवलं. वर हात जोडून म्हणाले, “जेवा, सरकार. सावकाश होऊ द्या.”

धाकट्या सरकारांनी पानाकडे पाहिलं. मग काठीकडे. आधी त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता रडू.

रडतच त्यांनी अब्दागिरी वाळूत आडवी ठेवली. नगारचीच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या. चोपदाराला म्हणाले, “काका, जरा गप्प राहा ना.” मग निशाण उतरवलं, गुंडाळलं आणि पंतांच्या हातात दिलं.

“सरकार, अहो, परंपरा...”

“पंत, तुम्हीसुद्धा मागं व्हा.”

पंत मागं झाले. सगळेच झाले. पिंडापाशी एकटा मुलगा उरला. त्यानं बापाला काही वचन दिलं नाही. एवढंच म्हणाला, “आबा, या हो... भात निवतोय.”

कावळा आला आणि शिवला.

घाटावर एकच गलबला उठला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. धाकटे सरकार वाळूत मटकन बसले आणि लहान मुलासारखे मोकळे होऊन रडले.

विसाजीपंत मात्र कोपऱ्यात उभे होते, निशाण काखेत, कान लाल. बऱ्याच वेळानं ते बुवांजवळ आले.

“बुवा... आता हे परत उभं करू का?”

“कर की, विसू. आता काय, माणसंच उरलीत.”