कागदाएवढी फट

घाटाच्या पायथ्याच्या एका गावात एक जीपवाला राहत होता. नाव कोंडिबा ढेबे. वरच्या माळेवाडीला रस्ता नव्हता, नुसते धोंडे आणि ओढे. तिथे चढणारी गाडी एकच, कोंडिबाची जुनी जीप. ती चालू झाली की इंजिन टिकटिक, टिकटिक वाजायचं. लोक हसायचे. कोंडिबा म्हणायचा, वाजतंय तोवर बरं आहे.

त्याचं खरं होतं. इंजिनात व्हॉल्व्ह असतात, ते सारखे उघडतात आणि मिटतात. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यात जाड कागदाएवढी फट ठेवावी लागते. लोखंड तापलं की वाढतं, आणि ते वाढणं त्या फटीत मावतं. नवरदेवाचा कोट उपाशीपोटी अगदी अंगाबरोबर बेतला, तर पंगतीत बटण उडणारच. तसंच हे. फट असली की थोडं वाजतं, एवढंच.

गावातले भाजीचे अडत्ये गेनूशेठ सपकाळ यांनी मुलीचं, इंदूचं, लग्न माळेवाडीत ठरवलं. शेठ माणूस चांगला, पण लोक काय म्हणतील याची भारी काळजी. आदल्या दिवशी जीप बघायला आले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

“कोंडिबा, ह्या शिवणयंत्रात बसून माझी इंदू सासरी जाणार? आवाज बंद कर, नाहीतर मी दुसरी गाडी बघतो.”

दुसरी गाडी नव्हतीच, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण समोर उभ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं फार अवघड. गल्ल्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. कोंडिबाने झाकण काढलं आणि एकेक स्क्रू आवळून फट बुजवून टाकली. जीप मांजराच्या पावलांनी चालू लागली. शेठ खूश झाले.

लग्न दुपारचं. सकाळी इंदूच्या आईसह वऱ्हाड पाऊलवाटेने पुढे गेलं. जीपमध्ये नवरी, गेनूशेठ, मामा, रुखवत आणि इंदूला लहानाची मोठी करणारी म्हातारी आत्या. अर्धी चढण झाली, इंजिन तापलं आणि गाडीचा जोर कमी होऊ लागला. वाढलेल्या व्हॉल्व्हना जागाच नव्हती, मग ते नीट मिटणार कसे? ओढ्याच्या काठावर जीप बंद पडली.

“पेट्रोलात पाणी आलं असेल,” गेनूशेठ म्हणाले.

नुसती मान डोलावली असती तरी कोंडिबा सुटला असता. त्याने मान डोलावली नाही.

“नाही शेठ. काल मी फट बुजवली. तुम्ही सांगितलंत, पण हात माझा होता. आता इंजिन गार झाल्याशिवाय ती नीट लावता येणार नाही.”

मामा तापट माणूस. ते रुखवतातली घागर ओढ्यातून भरून घेऊन आले, म्हणाले करतो गार. कोंडिबा आडवा उभा राहिला.

“मामा, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकतं. ओतायचंच असेल तर आधी माझ्यावर ओता.”

मामांनी खरंच ओतलं. कोंडिबा डोक्यापासून पायापर्यंत निथळला, पण जागचा हलला नाही. नवरीला हसू आवरेना.

शेठ म्हणाले, पायी जाऊ. इंदूने आत्याचा हात धरून तिला सावलीत बसवलं.

“आत्याला सोडून मी यायची नाही, अण्णा. दुपारचा मुहूर्त गेला तर संध्याकाळचा गोरज आहे. कोंडिबांना काम करू द्या.”

दुपार टळली. ‘झालं की गार’ असं मामा घटकेघटकेला म्हणत होते. कोंडिबा हात लावून बघायचा आणि पुन्हा बसायचा. तळहात निवांत टेकला, तेव्हाच त्याने झाकण उघडलं. मापाची पातळ पोलादी पट्टी घालून, ती किंचित अडखळत सरकेल अशी एकेक फट लावली. शेवटची लावताना मामा कानाशी ओरडत होते. तीही त्याने पहिलीइतकीच सावकाश लावली.

वर माळेवाडीत मांडव गप्प झाला होता. जीप दरीत गेली की काय, असं कुणीतरी बोललं, आणि इंदूच्या आईने जमिनीवर बसकण मारली. माणसं शोधायला निघणार, तेवढ्यात ती उठून उभी राहिली.

“थांबा. ऐका.”

खालून आवाज येत होता. टिकटिक, टिकटिक. गाडी दिसायच्या आधीच साऱ्या वाडीला कळलं, नवरी आली.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. पंगतीत व्याह्यांनी उशिराचं कारण विचारलं. गेनूशेठांनी एकदा जीपकडे पाहिलं.

“आवाज बंद करायला गेलो होतो,” ते म्हणाले, आणि त्यांनी कोंडिबाच्या पानात आपल्या हाताने जिलबी वाढली.

तात्पर्य: लोकांच्या कानाला बरं वाटावं म्हणून कामाला लागणारी जागा बुजवू नये, आणि बुजवलीच, तर चूक कबूल करून, कुणी कितीही घाई केली तरी, ती नीट मोकळी करूनच पुढे जावं.