पूररेषेचा वळसा

नदीकाठच्या भूखंडावर नगरपालिकेची शाळा बांधायचं घाटत होतं. जागा एका बिल्डरची होती, आणि पूररेषेचा नकाशा काढणारे सल्लागार पाठारेही त्यानेच सुचवलेले. नगराध्यक्षा मृणालताई बोडके यांच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

भर सभेत पाठारेंनी पडद्यावर नकाशा दाखवला. पूररेषा त्या भूखंडाला अलगद वळसा घालून गेली होती.

"नदीला नेमकी तेवढीच जागा बरी टाळावीशी वाटली?" ताईंनी विचारलं.

"मॅडम, नकाशे काढायचं भारीतलं जीआयएस सॉफ्टवेअर आहे. शंकेला जागाच नाही."

ताईंनी मोबाईलवर फुकटचा ऑनलाइन नकाशा उघडला आणि मागच्या महापुरातलं उपग्रहचित्र सर्वांना दाखवलं. अख्खा भूखंड पाण्याखाली होता.

पाठारे मोठ्याने हसले. "अहो, फुकटच्या नकाशावर कोण विश्वास ठेवतं?"

ताईंनी मोबाईल तसाच वर धरला.

"मी ठेवते. फुकटचा आहे, म्हणजे तो अजून कुणी विकत घेतलेला नाही."

मागच्या रांगेत बसलेला बिल्डर कधी उठून गेला, कुणाला कळलंच नाही. शाळा टेकडीवर बांधायचा ठराव त्याच सभेत एकमताने झाला.