फोडणी दिलेले सूप

एकदा एक भुसार व्यापारी रागाने धुमसत आपल्या गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. गुरू म्हणजे पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात वीस वर्षे एका आश्रमाचे स्वयंपाकघर सांभाळून परतलेले वृद्ध आचारी. त्यांच्याकडे हा गृहस्थ आठवडाभर नूडल्सचे सूप शिकत होता, आणि तेही सुनेसाठी. सून त्याच मुलखातली. महिन्यापूर्वी तिची आई गेली आणि पोरीची अन्नावरची वासनाच उडाली. गेले तीन दिवस तर ती नुसत्या चहावर होती.

"काल मी स्वतः शेगडीपुढे उभा राहिलो," व्यापारी म्हणाला. "या वयात. तिने एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली. एवढा माज?"

"काय काय घातलेस?"

"तुम्ही सांगितलेत ते सगळे. आले, अळंबी, पातीचा कांदा. पण फारच फिके लागले हो. म्हणून वरून लसणाची खमंग फोडणी दिली, थोडा गोडा मसाला, गुळाचा खडा. दुसऱ्या कुणी बोटे चाटली असती."

गुरूंनी पाट मांडला, गरम वरणभात वाढला, वर साजूक तूप सोडले. सकाळपासून उपाशी असलेल्या व्यापाऱ्याने पहिला घास उचलला, तोच गुरूंनी सोया सॉसची बाटली त्याच्या ताटात उपडी केली.

व्यापाऱ्याचे टाळके सणकले. "डोके फिरले का तुमचे? चांगल्या अन्नाची माती केलीत."

"मला वरणभात फिका लागतो," गुरू म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. "तुझ्या एका घासाला धक्का लागला, तर तू माझ्या अंगावर धावून येतोस. ती पोर आईच्या हातची चव शोधत होती आणि तू तिला स्वतःची चव पाजलीस. वर तिने आभारही मानायचे? माज कुणाचा, ते जरा बघ. ज्याला खाऊ घालायचे त्याच्यासाठी आपली जीभ आवरता येत नसेल, तर ते अन्न त्याच्यासाठी नसतेच."

व्यापारी ताटावरून उठला. राग लगेच निवला, असे मात्र समजू नका. घरी पोहोचेपर्यंत तो मनातल्या मनात गुरूंना चार शब्द सुनावतच होता.

घरी त्याने पुन्हा पातेले चढवले. फिका रस्सा उकळला, नूडल्स वेगळ्या शिजवल्या. हात सवयीने मसाल्याच्या डब्याकडे गेला, तो त्याने मागे घेतला आणि सुनेच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"पोरी, तुझी आई यात काय घालायची? मला ठाऊक नाही."

ती उठून स्वयंपाकघरात आली. चमचाभर रस्सा चाखून म्हणाली, "मीठ कमी आहे, बाबा. आणि लिंबू हवे." लिंबू तिनेच चिरले, दोन वाट्या तिनेच भरल्या.

त्याला ते अजूनही फिकेच लागले. तिने आपली वाटी संपवून पुन्हा भरून घेतली.