म्हातारा भुंग्या आणि धुक्यातली हाक

फार वर्षांपूर्वी, वरचेवर धुक्यात बुडणाऱ्या एका डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत एक मेंढपाळ आणि त्याची बायको राहत असत. त्यांच्याकडे भुंग्या नावाचा म्हातारा कुत्रा होता. जन्मभर त्याने लांडग्यांपासून मेंढरं राखली होती. आता त्याचे पाय आखडले होते, कान पार गेले होते. मेंढपाळाने मायेनेच त्याला झोपडीमागे खुंट्याला बांधलं आणि पुढ्यात दूध-भाकरी ठेवली. पुष्कळ राबलास, आता बसून खा, असं त्याला सांगितलं.

थोड्याच दिवसांत भुंग्या बदलला. कुडाच्या भिंतीकडे तोंड करून तो तासन्‌तास उभा राही. तिथे कुणी नसताना शेपूट हलवी, मग एकाएकी गुरगुरे. धनी जवळ गेला की परका माणूस आल्यासारखा मागे सरे. वस्तीतले लोक कुजबुजू लागले की त्याला न्यायला कुणीतरी येऊन बसलंय. दरीपलीकडे सोडून या, नाहीतर ते तुमच्या घरात शिरेल.

मेंढपाळ घाबरला. दोरी सोडून तो भुंग्याला घेऊन निघाला, तर बायको आडवी आली.

"तुम्हाला असं एका भिंतीपुढे बांधून घातलं, तर तुम्हाला काय काय दिसू लागेल?" ती म्हणाली. "आधी त्याला हिंडवा. मग बघू."

ते बोलणं त्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो भुंग्याला रोज निराळ्या वाटेने फिरवू लागला, तो थांबेल तिथे थांबत, हुंगेल ते हुंगू देत. बायको टोपल्यांखाली भाकरीचे तुकडे लपवी आणि भुंग्या ते नाकाने शोधून काढी. कोकरांची राखणही त्याच्याकडे आली. भिंतीकडे बघणं कमी होत गेलं. एका सकाळी त्याने धन्याचा हात चाटला, तेव्हा मेंढपाळ तोंड फिरवून रडला.

पुढे एके दुपारी मेंढपाळ आणि भुंग्या माळावर असताना धुकं उतरलं. स्वतःचे पायसुद्धा दिसेनात. इतक्यात समोरून बायकोची हाक आली.

"अहो, इकडे या."

आवाज तिचाच होता. मेंढपाळ तिकडे वळला. भुंग्याने मात्र नाक जमिनीला लावून उलट्या दिशेला दोरी ओढली. पुन्हा हाक आली, अगदी जवळून, फार गोड. मेंढपाळ घुटमळला. भुंग्याला ती हाक ऐकूच येत नव्हती. त्याला फक्त पायाखालची वाट कळत होती. शेवटी मेंढपाळाने डोळे मिटले आणि दोरी नेईल तिकडे चालू लागला. मागून हाका येत राहिल्या, मग एकदम थांबल्या.

घरी बायको चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ती दिवसभर वस्तीबाहेर गेलीच नव्हती.

धुकं निवळल्यावर मेंढपाळ ती जागा पाहून आला. जिथून हाक आली होती तिथे जमीनच नव्हती. खाली नुसती दरी होती.

त्यानंतर त्या वस्तीत म्हातारं कुत्रं कुणी बांधून ठेवलं नाही.

तात्पर्य इतकंच: म्हाताऱ्या जिवाला नुसता घास पुरत नाही, पायांना वाट आणि मनाला काम मिळालं, तरच तो आपल्यात राहतो.