पुसलेली रेघ

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध अस्थिशल्यचिकित्सक होते. टाचेचं मोडलेलं हाड जोडण्यात त्यांचा हातखंडा होता. उतारवयात बोटं थरथरू लागली तेव्हा त्यांनी शस्त्र खाली ठेवलं आणि आपली विद्या ऋजुता नावाच्या शिष्येच्या हाती सोपवली. मुलगी बुद्धिमान होती, तिचा हात स्थिर होता आणि गुरूंवर, म्हणजे तिच्या सरांवर, तिचा जीव होता.

गुणाजी नावाचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, एके दिवशी वीस फुटांवरून घसरला तो थेट उजव्या टाचेवर आला. हाडाचे चार तुकडे झाले, सांधा आत खचला. ऋजुता त्याचा एक्स-रे पुन्हा पुन्हा पाहत राही. धातूची पट्टी कुठे बसेल, स्क्रू कुठून जाईल, सारं तिच्या डोळ्यांपुढे उभं होतं. सूज ओसरेपर्यंत ती बारा दिवस थांबली, गुणाजीची वाढलेली साखर तिने औषधांनी खाली आणली, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी टाचेच्या बाहेरच्या अंगाला छेदाची रेघ शाईने आखून सरांना बोलावलं.

सरांनी एक्स-रेच्या फोटोकडे ओझरतं पाहिलं. मग स्टूल ओढून ते गुणाजीच्या पायाशी बसले आणि तो पाय त्यांनी मांडीवर घेतला.

"डोळे मिटा, गुणाजी. कापूस लागला की सांगा."

कापूस तळव्यावरून फिरला, बोटांवरून फिरला. गुणाजी स्वस्थ पडून होता. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "अजून लावला नाय काय?"

सरांनी कापूस पाण्यात भिजवला आणि शिष्येने आखलेली ती रेघ हलक्या हाताने पुसून टाकली.

ऋजुताचा चेहरा उतरला. गुणाजीची बायको शेवंती मात्र पुढे झाली. "ऑपरेशन नाय? पलीकडच्या खाटेवरल्या गवंड्याचं कालच केलंत. त्याचं मोडलंय तेच यांचं मोडलंय. मग आमालाच का असं सोडताय?"

"सोडत नाही, शेवंतीबाई," सर म्हणाले. "ही रोज तुमच्या घरी येईल. तीन महिने."

बाहेर व्हरांड्यात येताच ऋजुता म्हणाली, "सर, माझ्या हातावर तुमचा भरवसा नाही का?"

"हाड तू माझ्याहून नीट बसवशील. पण फोटोला कातडी नसते, ऋजुता. तीस वर्षं विडी ओढलेला, मधुमेहाने बधिरलेला हा पाय आहे. टाचेवरची त्वचा मुळातच पातळ. जखम मिटली नाही तर हाड जोडूनही पाय जाईल. गवंड्याचा पाय निरोगी, म्हणून त्याला शस्त्र. याला तुझे हात. शस्त्र न उचलणं हा उपचारच आहे, आणि त्याला कष्ट अधिक पडतात."

ती मनातून रुसलेलीच होती, पण रोज गुणाजीच्या घरी जाऊ लागली. पाय उशीवर उंच ठेवायचा, त्यावर भार टाकायचा नाही, घोटा मात्र हलवत राहायचा. गुणाजीला त्याचा कंटाळा येई. मग तिने त्याला पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायला शिकवलं. गुणाजीला सहीपुरतंच लिहिता येत होतं. दुसऱ्या महिन्यात तो एका सकाळी पाय हलवत किती तरी वेळ काही काढत बसला.

"काय लिहिताय एवढं?" शेवंतीने चुलीजवळून विचारलं.

"तुझं नाव. वेलांटी दुखते."

शेवंती तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून ऋजुताचा रुसवा कुठे गेला, तिचं तिलाही कळलं नाही.

पाचव्या महिन्यात सर आणि ती गुणाजीकडे गेले. टाच रुंदावली होती, सांधा आखडला होता. सपाटीवर तो नीट चाले, जांभ्या दगडाच्या चढावर लंगडे. पण पाय अखंड होता. वाटेपर्यंत पोचवायला आलेल्या गुणाजीने हळूच विचारलं, "मॅडम, माडावर आता नाय जमायचं ना?"

"नाही जमायचं," ती म्हणाली.

तो क्षणभर वर झावळ्यांकडे पाहत राहिला. "बरं झालं स्पष्ट सांगितलंत. नारळ सोलायला बसेन आता."

परतताना ऋजुताने विचारलं, "सर, कापलं असतं तर तो चढला असता का?"

"कदाचित. कदाचित आज तो कुबड्यांवर असता. मला ठाऊक नाही." सर थांबले, धाप शमेपर्यंत त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ते न कळताच निर्णय घ्यावा लागतो, बाळ. म्हणून निर्णयानंतर त्या माणसाजवळ राहायचं."

सरांना चढ जड जात होता. तिने आपली चाल मंद केली आणि त्यांचा हात हातात घेतला.