द्वारकाबायची कळशी

या, या, पण सांभाळून, शेवाळ आहे! रिसॉर्ट दिसल्याबरोबर होडीतून उड्या मारून सुटलात की सगळे! बघा, खुशाल बघा. हा काउंटर, खोल्यांच्या चाव्या अजून खिळ्यांना लटकताहेत. हा पोहण्याचा तलाव, आता त्यात करंज उगवलाय. पण घोगळ बेटाची खरी गंमत इथं, पायऱ्यांखाली आहे. ही विहीर! चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत शहाळ्यासारखं पाणी.

असं सांगतात, की पूर्वी मासेमारीच्या प्रत्येक होडीची तहान हीच भागवायची. हिच्यावर दिवा लावायचा मान मेथरांच्या घरातल्या द्वारकाबायचा. मग एक शेठ आला, त्यानं हे रिसॉर्ट बांधलं आणि तलाव भरायला विहिरीवर पंप बसवू का म्हणून बायला विचारलं. बाय भोळी. "पाणी काय कुणाच्या बापाचं? घ्या!" म्हणाली. झालं! महिनाभर पंप धडधडला आणि विहिरीत समुद्र शिरला. पाहुणे पळाले, शेठनं गाशा गुंडाळला, होड्या कोरड्या घशानं घरी परतू लागल्या.

बायच्या जिवाला घोर लागला. हो म्हणाली होती ती तीच ना! तिनं नवस बोलला: दिवाळीपासून मिरगापर्यंत रोज गावातून एक कळशी गोडं पाणी आणून विहिरीत ओतीन. एक दिवस चुकला तरी सगळं फुकट. एकटी वल्ही मारत यायची म्हणे. गाव हसायचं, "म्हातारी समुद्राला पाणी पाजतेय!" ती आपली कळशी ओतायची, पोहऱ्यातलं पाणी चाखायची, थुंकायची आणि परतायची.

मिरगाला चार दिवस उरले होते. बाय कळशी घेऊन उतरली, तर वाळूत एक माणूस पालथा पडलेला. शेजारी डोलकाठी मोडलेली शिडाची होडी, दोन दिवस समुद्रात भरकटलेली. त्याला उताणा करून बघते तर कोण? तोच शेठ! ओठ फुटलेले, जीभ सुजलेली.

उष्टं झालेलं पाणी नवसाला चालत नाही आणि दिवस मावळत आलेला, गावातून दुसरी कळशी आणायला वेळ नाही. त्याला घोटभर पाजलं तरी सात महिने पाण्यात! काय झालं असेल हो तिचं! "मेल्या, तुका आजच मरायचा होता?" असं ओरडली म्हणे. रडली, शिव्या घातल्या आणि शिव्या घालता घालताच त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या ओंजळीत पाणी ओतू लागली.

नवस मोडला. रडून सुजलेलं तोंड धुवायला तिनं विहिरीत पोहरा सोडला. पाणी ओठांना लागलं मात्र, बाय किंचाळलीच. गोड! शेठला गदागदा हलवून सांगू लागली, "अरे, गोडा झाला, गोडा!"

आजही इथं कुणी आपल्या हातानं पाणी पीत नाही, दुसऱ्यानं ओंजळीत ओतायचं. आमच्या गावात ज्यांचं बोलणं तुटतं, त्यांना आम्ही एका होडीत घालून इथं आणतो. मलाही आणलं होतं, गेल्या शिमग्यानंतर. माझ्या सख्ख्या भावानं ओतलं, अकरा वर्षांनी. पाणी गोडच होतं हो, मग पोहरा मी घेतला, त्याच्या ओंजळीत ओतायला.